चिखलदऱ्यात शांत जागा शोधायची कशी? (आणि त्यातून संशोधनाचा विषय कसा निघतो)



जुलै-ऑगस्टमधला कुठलाही रविवार घ्या. परतवाडा सोडलं की चिखलदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग सुरू होते. अमरावती, अकोला, नागपूर, यवतमाळ, पार बैतूलपर्यंतच्या नंबर प्लेटा दिसतात. वर पोचलं की देवी पॉइंटला पाय ठेवायला जागा नसते, भीमकुंडाच्या कठड्यावर फोटोसाठी नंबर लावावा लागतो, आणि संध्याकाळी खाली उतरताना प्रत्येक गाडीत एकच वाक्य ऐकू येतं: "बाप्पा, काय गर्दी होती! शांत असं काही राह्यलंच नाही तिथं."

गेल्या महिन्यात पेट पास झालेल्या तीन-चार जणांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. सिनॉप्सिससाठी विषय कसा निवडायचा? विषय मोठाच असावा लागतो का? म्हणून आज एक अगदी घरगुती प्रश्न घेऊ: चिखलदऱ्यात शांत, कमी गर्दीची जागा कशी शोधायची? हा प्रश्न नीट विचारत गेलं तर त्यात व्याख्या आहे, मोजमाप आहे, सांख्यिकी आहे, परिसंस्था आहे आणि शेवटी नैतिकतेचा एक अवघड पेच पण आहे. ज्यांना फक्त फिरायला जायचं आहे त्यांनाही यातून कामाचं काही मिळेल.

थोडी पार्श्वभूमी, बाहेरच्या वाचकांसाठी. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर आहे. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण म्हणून ते ओळखलं जातं. गाव जेमतेम काही हजार वस्तीचं. चारही बाजूंना मेळघाटचं जंगल, आणि त्यातला मोठा भाग व्याघ्र प्रकल्पाचा. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण लेखाच्या शेवटी सगळं तिथंच येऊन अडकणार आहे.

१. आधी "शांत" म्हणजे काय ते ठरवा

संशोधनात पहिलं काम म्हणजे बोलीतल्या शब्दाला मोजता येईल असा अर्थ देणं. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. "शांत जागा" म्हणताना आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली, कमी माणसं. ही घनता झाली. ठरावीक क्षेत्रात, ठरावीक वेळी किती माणसं आहेत ते मोजता येतं.

दुसरी, कमी आवाज. हा डेसिबलमध्ये मोजतात.

तिसरी, गर्दी "वाटणं". हे माणसाच्या डोक्यात असतं. एकाच कठड्यावर वीस माणसं असतील तर कॉलेजच्या ग्रुपला ते रिकामं वाटतं आणि पक्षी बघायला आलेल्याला जत्रा वाटते. पर्यटनाच्या अभ्यासात घनता आणि गर्दी हे दोन वेगळे शब्द आहेत. घनता मोजायची असते, गर्दी विचारायची असते. अमेरिकन वनशास्त्रज्ञ जे. ॲलन वॅगर यांनी १९६४ मध्ये मोकळ्या निसर्गाच्या धारणक्षमतेवर लिहिलं, तेव्हाच हा मुद्दा पुढे आला होता की जमीन किती माणसं सहन करेल एवढंच विचारून पुरत नाही, तिथं येणारी माणसं एकमेकांना किती सहन करतील हेही बघावं लागतं.

आता गंमत बघा. पावसाळ्यात भीमकुंडाजवळ उभं राहिलं तर धबधब्याचा आवाज इतका असतो की शेजारच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. मीटर लावला तर आकडा चौकातल्या रहदारीच्या जवळपास जाईल. तरी आपण म्हणतो, "काय शांत वाटतं इथं!" उलट एखाद्या मोकळ्या पठारावर दूरवर एकच डीजे वाजत असेल, मीटरवर आकडा कमी असेल, तरी शांतता मोडलेली असते. म्हणजे डेसिबल हे शांततेचं माप नाही, आवाजाच्या ताकदीचं माप आहे. शांततेसाठी आवाज कशाचा आहे हेही नोंदवावं लागतं: पाणी, वारा, पक्षी, माणसं, इंजिन, स्पीकर. पंचबोल पॉइंटला तर लोक मुद्दाम ओरडायलाच जातात, प्रतिध्वनी ऐकायला. तिथं ओरडणं हाच आनंद. त्याला गोंगाट म्हणायचं का? सिनॉप्सिसमध्ये हे आधी ठरवलं नाही तर आरआरसीच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच येईल.

२. गर्दी सगळीकडे नसते, पण सगळ्यांना का भेटते?

हा माझा आवडता भाग. थोडं गणित आहे, पण दहावीच्या पातळीचंच.

समजा चिखलदऱ्यात दहा पॉइंट आहेत आणि रविवारी दुपारी एका वेळी हजार माणसं त्यांवर विखुरलेली आहेत. (आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी.) वाटणी अशी आहे: ३८०, २४०, १४०, ८०, ५५, ४०, २५, २०, १२, ८. पहिल्या तीन पॉइंटवरच ७६ टक्के माणसं आहेत. शेवटच्या पाचांवर मिळून १०५, म्हणजे जेमतेम साडेदहा टक्के.

आता दोन वेगळे प्रश्न विचारा.

एक: एका पॉइंटवर सरासरी किती माणसं आहेत? सोपं आहे, १००० भागिले १०, म्हणजे १००.

दोन: एका पर्यटकाला सरासरी किती माणसांची गर्दी दिसते? इथं प्रत्येक माणसाला विचारायचं आहे. ३८० जण म्हणतील "३८०", २४० जण म्हणतील "२४०", आणि शेवटचे फक्त ८ जण म्हणतील "८". म्हणून प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज करायची आणि हजाराने भागायचं. उत्तर येतं सुमारे २३४.

जागेची सरासरी १००, माणसाच्या अनुभवाची सरासरी २३४! कोणीही खोटं बोलत नाही. गर्दीच्या जागी जास्त माणसं असतात म्हणूनच गर्दीचे साक्षीदार जास्त असतात. रिकाम्या जागेचे साक्षीदार मुळातच कमी. इंग्रजी पुस्तकांत याला इन्स्पेक्शन पॅराडॉक्स म्हणतात. "शांत असं काही राह्यलंच नाही" या वाक्याचा बराचसा उगम इथं आहे.

संशोधनासाठी यातून थेट धडा निघतो. तुम्ही प्रश्नावली घेऊन देवी पॉइंटला उभे राहिलात आणि दोनशे लोकांना विचारलं, "गर्दी वाटली का?", तर तुमचा नमुना आधीच गर्दीकडे झुकलेला आहे. नमुना माणसांचा घ्यायचा की जागांचा, हे आधी ठरवा. दोन्ही बरोबर असू शकतात, पण उत्तरं वेगळी येतात.

वाटणी किती विषम आहे ते एका आकड्यात सांगायचं असेल तर गिनी गुणांक वापरता येतो. अर्थशास्त्रवाले उत्पन्नाच्या विषमतेसाठी वापरतात तोच. सगळीकडे सारखी माणसं असतील तर शून्य, सगळे एकाच ठिकाणी असतील तर जवळपास एक. आपल्या वरच्या उदाहरणात तो ०.५७ येतो. स्वतः काढून बघा, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

३. मग रिकामी जागा कुठे असते? तीन साधे नियम

अंतराचा नियम. बहुतेक माणसं गाडी लावली तिथून फार लांब जात नाहीत. पार्किंगपासून दूर गेलं की माणसं भराभर कमी होत जातात. समजा दर दीडशे मीटरला संख्या निम्मी होते. मग सहाशे मीटरवर किती राहिली? एक सोळांश. चढ असेल तर आणखी कमी. जपानमधल्या क्योतोतलं फुशिमी इनारी हे देवस्थान याचं जगप्रसिद्ध उदाहरण आहे. हजारो लाल कमानींच्या त्या वाटेवर सुरुवातीला फोटो काढायला जागा मिळत नाही. पण ती वाट २३३ मीटर उंचीच्या डोंगरावर चढत जाते, बरेच लोक अर्ध्या वाटेतून मागे फिरतात, आणि वरच्या टप्प्यात त्याच कमानींखाली माणूस बऱ्यापैकी एकटा चालू शकतो. आपल्याकडे हेच गाविलगडावर दिसेल. १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेनं घेतलेला हा किल्ला विस्तारानं प्रचंड आहे. पण बहुतेक मंडळी दरवाजे बघतात, सेल्फी काढतात आणि भुट्टे खायला परत येतात. आत मशिदीच्या, तलावांच्या बाजूला गेलं की आवाज मागे पडतो.

वेळेचा नियम. अमरावतीहून चिखलदरा साधारण ८० ते ९० किलोमीटर. घाट धरून अडीच तास पकडा. अकोल्याहून त्याहून बरंच जास्त. घरून सात-आठला निघालेला माणूस दहा-साडेदहाला पोचतो. धुकं आणि घाटाच्या धास्तीनं पाच-सहाच्या आत उतरायला लागतो. म्हणजे एका दिवसाच्या सहलीची गर्दी साधारण सहा-सात तासांत कोंबलेली असते. वर मुक्काम करून सकाळी सातला मोझरी पॉइंटला उभं राहिलात तर तीच जागा वेगळी भेटते. आठवड्याचं तसंच. बुधवार आणि रविवार यांच्यात जो फरक आहे तो दोन पॉइंटमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. ऋतूचंही तसंच. सगळे जुलै-ऑगस्टला येतात, पण पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात हिरवाई असते, दऱ्या स्वच्छ दिसतात आणि रस्ता मोकळा असतो.

यादीचा नियम. "चिखलदऱ्यातील टॉप पाच ठिकाणं" असं शोधलं की तीच पाच नावं सगळीकडे येतात, कारण प्रत्येक जण आधीच्याची यादी बघून यादी करतो. जी जागा यादीत आहे तिथे लोक जातात, लोक जातात म्हणून फोटो येतात, फोटो येतात म्हणून ती यादीत राहते. यादीबाहेरची जागा कमी सुंदर असतेच असं नाही.

हाच नियम जिल्ह्यांनाही लागू आहे. अकोल्याच्या मित्रांनी दर वेळी चिखलदराच का गाठावं? अकोट तालुक्यात, सातपुड्याच्याच कुशीत नरनाळा किल्ला आहे. शहानूरच्या बाजूनं वनविभागाच्या गेटमधून वर जाता येतं आणि त्याचा महाकाली दरवाजा कोरीव कामासाठी मुद्दाम बघावा असा आहे. पातूरला डोंगरात कोरलेल्या जुन्या लेण्या आहेत. परतवाड्याजवळ, राज्याची हद्द ओलांडताच मुक्तागिरीची जैन मंदिरं आणि तिथला धबधबा आहे. या जागाही सणावाराला आणि यात्रेला भरतात, मधल्या वारी निवांत असतात.

४. मोजायचं कसं?

आता अभ्यास म्हणून हे करायचं असेल तर माहिती कुठून आणायची?

हातानं मोजणं. अजूनही सगळ्यात विश्वासाचं. पण शनिवार-रविवारी सवड मिळाली म्हणून तेवढ्याच दिवशी मोजलं तर निष्कर्ष तेवढ्यापुरतेच. दिवसांचे गट पाडा: सुटीचा आणि कामाचा, पावसाळा आणि बाकी वर्ष. प्रत्येक गटातून दिवस चिठ्ठी टाकून निवडा. दिवसाचे तासही तसेच. याला स्तरित यादृच्छिक नमुना म्हणतात. नाव भारी आहे, काम चिठ्ठ्यांचंच आहे.

पार्किंगमधल्या गाड्या. माणसं मोजण्यापेक्षा सोपं. पण गाडीमागे सरासरी माणसं किती हे वेगळं मोजून गुणावं लागतं, आणि पावसाळ्यात एसटीनं आणि दुचाकीवर येणारे सुटू शकतात.

समाजमाध्यमांवरचे फोटो. २०१३ मध्ये स्पेन्सर वुड आणि सहकाऱ्यांनी ३१ देशांतल्या ८३६ निसर्गस्थळांसाठी फ्लिकरवरचे फोटो आणि प्रत्यक्ष पर्यटकसंख्या ताडून बघितली. फोटोंवरून भेटींचा बऱ्यापैकी अंदाज येतो असं त्यांना दिसलं. पद्धत स्वस्त आहे आणि मागच्या वर्षांची माहितीही मिळते. पण मेळघाटात ती जपून वापरा. अनेक भागांत नेटवर्कच नाही, फोटो घरी येऊन टाकले जातात, ठिकाणाची खूण चुकीची पडते. शिवाय फोटो टाकणारा वर्ग म्हणजे सगळे पर्यटक नव्हेत. सर्वांत महत्त्वाचं, शांत जागी मन रमलेला माणूस फोटो कमीच टाकत असेल! म्हणजे आपल्याला जी जागा हवी आहे तीच या माहितीत सगळ्यात फिकी दिसणार.

आवाज. मोबाइलमधलं ॲप ओळखीपुरतं ठीक, पण प्रबंधात द्यायचे आकडे प्रमाणित ध्वनिमापकाचेच हवेत. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डेसिबलची सरासरी साधी काढायची नसते, कारण हे माप लॉगरिदमी आहे. अर्धा तास ४० डेसिबल आणि अर्धा तास ७० डेसिबल असेल तर सरासरी ५५ नाही. ४० म्हणजे १०,००० पट आणि ७० म्हणजे १ कोटी पट ऊर्जा. त्यांची सरासरी सुमारे ५० लाख, आणि त्याचे डेसिबल होतात जवळपास ६७. थोड्या वेळाचा गोंगाट पूर्ण तासाची सरासरी आपल्या बाजूला ओढून नेतो. तुलनेसाठी सांगते, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. ती दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या परिसरासाठी आहे, पण वाचकाला अंदाज येण्यासाठी ती रेघ आलेखावर मारायला हरकत नाही.

५. जागा सांगितली की ती शांत राहते का?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मग ताई, एक यादी करून टाका ना. दहा अनोळखी जागा, लोकेशनसकट."

थांबा. १९९४ मध्ये डब्ल्यू. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञानं एक सुंदर कोडं मांडलं. सांता फे शहरात एल फारोल नावाचा बार आहे. समजा शंभर जणांना दर आठवड्याला तिथं जायचं असतं. साठपेक्षा कमी आले तर मजा, जास्त आले तर त्रास. प्रत्येकानं स्वतःचा अंदाज बांधून ठरवायचं. आता सगळ्यांनी एकच अंदाज वापरला आणि तो म्हणाला "आज रिकामं असेल", तर सगळे जाणार आणि अंदाज खोटा ठरणार. "आज गर्दी असेल" म्हणाला तर कोणीच जाणार नाही, परत खोटा. जो अंदाज सगळ्यांनी मानला तो स्वतःलाच खोटं पाडतो. "शांत जागांची यादी" ही नेमकी अशीच गोष्ट आहे.

तरीही क्योतोसारखं शहर ठिकाणवार, वेळेनुसार गर्दीचा अंदाज जाहीर करतं आणि लोकांना कमी गर्दीच्या जागी, कमी गर्दीच्या वेळी जायला सुचवतं. शहरात याला अर्थ आहे. गल्ली आधीच फरसबंद आहे, माणसं वाढली म्हणून दगड मरत नाहीत. त्रास होतो तो रहिवाशांना, आणि तो काही थोडा नाही. २०२४ मध्ये तिथल्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी करावी लागली.

पण चिखलदरा क्योतो नाही. इथं पॉइंटच्या पलीकडे गल्ली नसते, जंगल असतं. आणि जंगलाचं गणित उलटं आहे.

मनोरंजन परिसंस्थाशास्त्रात अमेरिकन वनसेवेचे डेव्हिड कोल यांनी पायांखाली तुडवल्या जाणाऱ्या वनस्पतींवर अनेक वर्षं प्रयोग केले. १९९३ मध्ये त्यांनी नील बेफिल्ड यांच्यासोबत अशा प्रयोगांची प्रमाण पद्धतही मांडली. या शाखेत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी: वापर आणि नुकसान यांचं नातं सरळ रेषेचं नसतं. बहुतेक नुकसान अगदी सुरुवातीच्या थोड्या वापरातच होऊन जातं. त्यानंतर माणसं दुप्पट झाली तरी नुकसान दुप्पट होत नाही, आलेख सपाट होत जातो. वनस्पतीचा प्रकार, माती, ओलावा यांनुसार वळण कमीजास्त होतं, पण आकार साधारण हाच.

याचा अर्थ नीट बघा. देवी पॉइंटला आज हजार माणसं आली काय आणि बाराशे आली काय, तिथल्या जमिनीला फारसा फरक पडत नाही. ती कधीच तुडवली गेलीय. पण तेच दोनशे जण "अनोळखी शांत जागा" म्हणून चार नव्या पाऊलवाटांवर पन्नास-पन्नास गेले, तर चार नव्या जागी तो आलेखाचा खडा, पहिला भाग सुरू होतो. गवत जातं, माती उघडी पडते, आणि मेळघाटच्या पावसात ती वाहून जायला वेळ लागत नाही. प्राण्यांची गोष्ट तर वेगळीच. अस्वल, बिबट, गवा यांच्या दृष्टीनं रोज गजबजलेला पॉइंट ही टाळायची ठरलेली जागा असते. अचानक माणसं उगवणारी पाऊलवाट ही धोक्याची, त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: मेळघाटच्या परिसरात गर्दी वेळेत पसरवावी, जागेत नको. शांतता हवी असेल तर नवी जागा शोधू नका, जुन्याच जागेची रिकामी वेळ शोधा. रविवारऐवजी बुधवार, ऑगस्टऐवजी ऑक्टोबर, दुपारऐवजी सकाळ. जुन्याच किल्ल्यात, जुन्याच वाटेवर, थोडं पुढपर्यंत. सकाळचीही मर्यादा आहे: पहाट आणि तिन्हीसांज ही जनावरांची वेळ, त्यामुळे गावातल्या पॉइंटपुरतं ठीक, जंगलाच्या वाटेवर उजाडायच्या आत नको. आणि गेटच्या वेळा वनविभागानं ठरवलेल्याच पाळायच्या.

यावर आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. बुधवारी सुटी कोणाला असते? रोजंदारीवर काम करणारा माणूस, दुकानदार, शाळेतली पोरं यांना रविवारच मोकळा. "वेळ बदला" हा सल्ला सवड असलेल्यांना परवडतो. पुढे सिडकोचा काचेचा स्कायवॉक पूर्ण झाल्यावर ओढा वाढेलच. म्हणून जिथं वेळेनं भागत नाही तिथं व्यवस्थेनं मर्यादा घालावी लागते. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाच्या संख्येवर बंधन आणावं लागलं, ते याच तुडवण्यामुळे. चिखलदऱ्यासाठी काय योग्य ठरेल, हा खरंच कोणीतरी अभ्यासावा असा प्रश्न आहे.

६. संशोधकानं काय छापावं, काय नाही

समजा अभ्यासात तुम्हाला खरंच एक सुंदर, रिकामी जागा सापडली. तिचे जीपीएस आकडे प्रबंधात द्यायचे का? "सगळी माहिती खुली असावी" हे विज्ञानाचं एक मूल्य आहे. "अभ्यासामुळे अभ्यासाच्या विषयाला इजा होऊ नये" हे दुसरं. दोन्ही समोरासमोर आली की काय करायचं?

पक्षीअभ्यासकांनी याचं उत्तर आधीच शोधलंय. रानपिंगळा हे छोटं घुबड नामशेष झालं असं शंभरेक वर्षं मानलं जात होतं. १९९७ मध्ये ते आपल्याच राज्यात, शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. मेळघाट हे आज त्याच्या महत्त्वाच्या घरांपैकी एक. अशा पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा कोणी जबाबदार अभ्यासक जाहीर करत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची नोंद केली की ठिकाण आपोआप धूसर केलं जातं, साधारण २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी असं दाखवलं जातं. नोंद राहते, विश्लेषण करता येतं, पण गाडी घेऊन तिथं पोचता येत नाही. शांत जागांच्या बाबतीतही असं करता येईल: प्रकार सांगा, वैशिष्ट्यं सांगा, पार्किंगपासूनचं अंतर सांगा, पत्ता सांगू नका.

दुसरी गोष्ट माणसांची. आपल्याला "रिकामी" वाटणारी जागा अनेकदा रिकामी नसते. ती कोरकूंच्या गावाचं पाणी भरायचं ठिकाण असते, गवळ्यांची गुरं चरायची जागा असते, कोणाचं देवस्थान असतं. नकाशावर तिथं नाव नाही याचा अर्थ तिथं कोणी नाही असा होत नाही. गावात जाऊन विचारा, आणि "ही जागा लिहू का?" हेही विचारा. नाही म्हटलं तर लिहायचं नाही, इतकं सोपं.

तिसरी गोष्ट कागदांची. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यास करायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम २८ नुसार परवानगी लागते. तिला वेळ लागतो. सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर अर्ज करू म्हणाल तर पहिला पावसाळा हातचा जाईल, आणि तुमच्या विषयात पावसाळा गेला की वर्ष गेलं. मार्गदर्शकांशी बोलून अर्जाची तयारी आधीच सुरू करा.

७. आता हा विषय कसा लिहाल?

"चिखलदऱ्यातील पर्यटनाचा अभ्यास" असं शीर्षक घेऊन गेलात तर समिती विचारेल, नेमकं काय? त्याऐवजी हे तीन बघा:

पार्किंगपासूनच्या अंतरानुसार पर्यटकांची घनता कशी घटते, आणि सुटीच्या आणि कामाच्या दिवशी हा घट-दर वेगळा असतो का?

पर्यटकांना "गर्दी वाटणं" हे घनतेवर जास्त अवलंबून आहे की आवाजाच्या प्रकारावर?

जुन्या पॉइंटच्या कडेला आणि नव्यानं पडलेल्या पाऊलवाटेच्या कडेला वनस्पतींचं आच्छादन किती वेगानं बदलतं?

पहिला भूगोल किंवा सांख्यिकीवाल्यांना जमेल, दुसरा मानसशास्त्र किंवा भौतिकशास्त्रवाल्यांना, तिसरा वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणवाल्यांना. तिन्हींत काय मोजायचं, कशाशी तुलना करायची आणि उत्तर "नाही" आलं तर ते कसं ओळखायचं, हे स्पष्ट आहे. ही तिसरी कसोटी विसरू नका. ज्या प्रश्नाचं उत्तर "नाही" येऊच शकत नाही तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

जाता जाता एक गृहपाठ. पुढच्या वेळी कुठल्याही गर्दीच्या ठिकाणी गेलात, अगदी अमरावतीच्या अंबादेवीला नवरात्रात सुद्धा, तर पाच वेगवेगळ्या जागी पाच-पाच मिनिटं उभं राहून माणसं मोजा. वहीत वेळ, जागा, संख्या आणि ऐकू आलेला सगळ्यात मोठा आवाज लिहा. घरी येऊन जागेची सरासरी आणि माणसाच्या अनुभवाची सरासरी अशा दोन्ही काढा. दोन्हींत किती फरक पडला ते मला कळवा. पुढच्या लेखात अशाच मोजणीच्या नोंदी वापरून गिनी गुणांक पायरीपायरीनं काढून दाखवेन.